इन्फ्रारेड कॅमेरा, नॉईज आणि एकेका इलेक्ट्रॉनचं वेड

थंडोबा

मागे जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या फोटोंवरच्या धाग्यात चर्चा भरकटत भरकटत "एवढा महाग कॅमेरा, त्यात असतं तरी काय" इथपर्यंत आली होती, तिथे मी वेगळं लिहितो म्हणालो होतो, तर हा तो धागा. माझं काम या उपकरणांच्या थंड बाजूचं, म्हणजे क्रायोस्टॅट (चिप गार ठेवणारं बंद भांडं), व्हॅक्यूम, वायरिंग वगैरे. चिप बनवणारा मी नाही, सेमीकंडक्टरवाल्यांनी भर घालावी.

आधी वेगळा कॅमेरा लागतोच कशाला ते. मोबाईल, डीएसएलआर, सगळ्यांचे सेन्सर सिलिकॉनचे, आणि सिलिकॉनला साधारण १.१ मायक्रॉनच्या पुढचा प्रकाश दिसत नाही, तो आरपार निघून जातो. खगोलशास्त्रातलं बरंच काही मात्र त्याच्या पुढे आहे. आकाशगंगेचं केंद्र घ्या. मधल्या धुळीमुळे तिथला दृश्य प्रकाश साधारण ३० मॅग्निट्यूडने (हे ताऱ्यांच्या तेजाचं माप, ५ चा फरक म्हणजे शंभरपट) मंदावतो, म्हणजे तिथून निघालेल्या एक लाख कोटी फोटॉनपैकी एक आपल्यापर्यंत येतो. तेच २.२ मायक्रॉनला, ज्याला के बँड म्हणतात, दहा-पंधरातला एक तरी पोचतो. गेंझेल आणि गेझ या खगोलशास्त्रज्ञांना २०२० चं नोबेल तिथल्या ज्या ताऱ्यांच्या कक्षांवरून मिळालं ते तारे दृश्य प्रकाशात कुणीच पाहिलेले नाहीत.

मग सिलिकॉनऐवजी काय? दोन पदार्थ जास्त चालतात. एक इंडियम अँटिमोनाईड, हा साधारण साडेपाच मायक्रॉनपर्यंत बघतो. दुसरा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराईड, त्याला लोक एमसीटी म्हणतात. एमसीटीची गंमत अशी की कॅडमियमचं प्रमाण कमीजास्त केलं की कुठपर्यंत दिसेल ती मर्यादा हवी तिथे ठेवता येते. पण या पदार्थांत नीट इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवता येत नाही, म्हणून प्रकाश टिपणारा थर एमसीटीचा आणि खाली मोजणारी चिप सिलिकॉनची, आणि प्रत्येक पिक्सेलला इंडियमचा एक बारीक ठिपका दाबून दोन्ही जोडायचे. २०४८ बाय २०४८ ची चिप असेल तर असे जवळजवळ ४२ लाख जोड. १९८६ साली हवाईतल्या यूकेआयआरटी दुर्बिणीवर पहिल्या पिढीतला जो अ‍ॅरे कॅमेरा बसवला तो ६२ बाय ५८ पिक्सेलचा होता, आणि त्यावेळी लोक त्यावरही खूश होते, कारण त्याआधी एकच डिटेक्टर घेऊन आकाशात ठिपका ठिपका करत फिरावं लागायचं.

आता नॉईज. हा शब्द ऐकला की लोकांना फोटोतले दाणे आठवतात. इथे तो तीनचार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कुठला नॉईज तुमच्या मोजमापावर राज्य करतोय हे कळल्याशिवाय "लो नॉईज कॅमेरा" या शब्दाला अर्थ नाही.

पहिला, आपण स्वतः. खोलीच्या तापमानाची प्रत्येक वस्तू इन्फ्रारेडमध्ये चमकते, सगळ्यात जास्त १० मायक्रॉनच्या आसपास. दुर्बीण चमकते, घुमट चमकतो, कॅमेऱ्याच्या आतली भिंत चमकते. म्हणून चिपच नाही तर आतली भिंगं, फिल्टरचं चाक, बॅफल (नको तो उजेड अडवणारे पडदे), सगळं बर्फाहून कितीतरी थंड करून व्हॅक्यूममध्ये ठेवायचं. दुसरा डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही चिपमध्ये उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटत राहतात. जितकी लांब तरंगलांबी बघायची तितका बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा) लहान आणि तितकं जास्त थंड करावं लागतं. अडीच मायक्रॉनच्या एमसीटीला ८० केल्विन चालून जातं, इंडियम अँटिमोनाईडला ३५ च्या आसपास न्यावं लागतं, आणि वेबच्या मिरी या उपकरणात आर्सेनिक मिसळलेला सिलिकॉन वापरलाय (आर्सेनिकमुळे त्याला साध्या सिलिकॉनच्या खूप पुढचं दिसतं) त्याला ७ केल्विनच्याही खाली. तिसरा रीड नॉईज, पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन साठले ते मोजताना मोजणाऱ्या सर्किटचीच चूक. याच्यावर पुढे लिहितो, हाताला आता कंटाळा आलाय.

आज्जीचा चष्मा

वाखुसा (वाचनखूण साठवली). फिजिक्स बारावीनंतर सोडलं तरी पहिल्यांदा कळलं. रिमोटचा लाईट मोबाईलमध्ये जांभळट दिसतो तो इन्फ्रारेडच ना, मग मोबाईलला दिसत नाही असं कसं?

थंडोबा

ताई, रिमोटचा एलईडी ०.९४ मायक्रॉनचा असतो, तो सिलिकॉनच्या हद्दीतच येतो. मी म्हणतोय ते १ ते ५ मायक्रॉनचं.

शंकासूर

चांगलं लिहिलंय पण हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे काय आहे ते सांगा. नाहीतर नुसतं वेब वेब.

जुन्नरकर

अहो शंकासूर, आपल्याकडेही आहे, आणि एक तर आमच्याच भागात येऊन गेलाय. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेला टिरकॅम-२ नावाचा इन्फ्रारेड कॅमेरा पुण्याच्या आयुका संस्थेच्या, जुन्नरजवळच्या गिरवलीच्या दोन मीटर दुर्बिणीवर वापरला गेलाय, माउंट अबूला अहमदाबादच्या पीआरएल संस्थेच्या १.२ मीटरवरही. आता तो नैनीतालजवळ देवस्थळला एरीज संस्थेच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर असतो. गिरवली साधारण हजार मीटरवर आहे, देवस्थळ २४५० मीटर. इन्फ्रारेडला हवेतली वाफ फार नडते, त्यामुळे उंची आणि कोरडेपणा दोन्ही लागतं. आमच्याकडे तर पावसाळ्यात घुमट बंदच ठेवावा लागतो. आमच्या गावच्या पोरांना दुर्बीण म्हणजे आयुकाचा पांढरा घुमट एवढंच माहीत, आत काय चालतं ते कुणी सांगत नाही. धागाकर्त्यांनी टिरकॅमबद्दल लिहावं.

थंडोबा

जुन्नरकर, धन्यवाद, बरोबर मुद्द्यावर आलात.

टिरकॅम-२ मध्ये ५१२ बाय ५१२ चा इंडियम अँटिमोनाईडचा अ‍ॅरे आहे. रेथिऑन या अमेरिकन कंपनीचा अलादीन म्हणून १०२४ बाय १०२४ चा प्रसिद्ध डिटेक्टर होता, त्याचा हा एक चतुर्थांश तुकडा. हेलियमच्या बंद चक्राच्या क्रायोकूलरने ३५ केल्विनला ठेवतात, म्हणजे द्रव नायट्रोजन ओतत बसावं लागत नाही. देवस्थळवर त्याचा एक पिक्सेल ०.१७ आर्कसेकंदाच्या (अंशाचा ३६०० वा भाग) आसपास, सगळी चौकट मिळून दीड आर्कमिनिटसुद्धा (अंशाचा ६० वा भाग म्हणजे एक) नाही. रीड नॉईज साधारण ३० इलेक्ट्रॉन. ऐकायला खूप वाटतो. वेबमध्ये आणि मोठ्या दुर्बिणींवर वापरतात ती एच२आरजी चिप साध्या पद्धतीने वाचली तर पंधराच्या आसपास देते आणि भरपूर वेळा वाचून सरासरी काढली की पाचेकपर्यंत येते.

पण ज्याला जमिनीवरून के बँडमध्ये फोटो काढायचाय त्याला त्या ३० ने काही फरक पडत नाही. रात्रीचं आकाशच के मध्ये दर चौरस आर्कसेकंदाला साधारण १३ मॅग्निट्यूड इतकं उजळ असतं, त्यात दुर्बिणीच्या आरशाची उष्णता मिसळते, आणि एका एक्स्पोजरमध्ये एका पिक्सेलवर हजारो इलेक्ट्रॉन आकाशाचेच साठतात. दहा हजार इलेक्ट्रॉन साठले तर त्यांचाच चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे शंभराचा. नॉईज सरळ मिळवत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. शंभराच्या शेजारी ३० धरलात तर एकूण १०४. ३० चे ५ केलेत तर १००. एवढ्यासाठी कोण लाखो डॉलर घालवणार? आणखी पुढे ३.६ मायक्रॉनला गेलात तर पिक्सेल सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात आकाशानेच भरून जातो, तिथे खरी गरज भराभर वाचून पिक्सेल रिकामे करण्याची.

एरीज-टीआयएफआरचाच टॅनस्पेक हा वर्णपटमापक आहे, २०१९ पासून त्याच देवस्थळच्या दुर्बिणीवर, ०.५५ ते २.५ मायक्रॉन. त्यात एच२आरजी आहे आणि तिथे ती शोभते, कारण प्रकाश फाकवून पिक्सेलपिक्सेलवर वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडे फोटॉन येतात. जे आणि एच बँडातलं (के च्या अलीकडचे, साधारण १.२ आणि १.६ मायक्रॉनचे पट्टे) आकाश म्हणजे मुख्यतः हवेतल्या हायड्रॉक्सिलच्या बारीक रेषा, वर्णपटात त्या रेषांच्या मधल्या फटी काळ्या असतात, आणि त्या फटीत बसून काम करायचं तर रीड नॉईज खरंच आडवा येतो.

बंगळुरूचा बाळ्या

मी चिप डिझाईनवाला, इन्फ्रारेडचा नाही पण रीडआउट सर्किटची भाषा सारखीच. रीड नॉईज कमी करायच्या युक्त्या इथे थोडक्यात टाकतो, थंडोबांनी हात शेकून घ्यावेत.

पिक्सेल रिसेट केला की त्यावर नेमका किती व्होल्टेज राहिला हे दर वेळी थोडं वेगळं असतं, त्याला केटीसी नॉईज म्हणतात. म्हणून रिसेट झाल्यावर एकदा वाचायचं, एक्स्पोजर संपल्यावर परत वाचायचं, आणि दोन्हींची वजाबाकी करायची. भाजीवाला आधी रिकामी टोपली काट्यावर ठेवतो आणि नंतर भाजीसकट, तसंच. याला सीडीएस म्हणतात. पण दोन वाचनं म्हणजे वाचनाची चूकही दोनदा. मग १९९० च्या सुमाराला फाऊलर आणि गॅटली यांनी सांगितलं की सुरुवातीला सोळा वेळा वाचा, शेवटीही सोळा वेळा वाचा आणि सरासऱ्यांची वजाबाकी करा, चूक सोळाच्या वर्गमुळाने कमी होते, म्हणजे चौथा भागच उरते. एक्स्पोजर चालू असताना मधेमधे वाचत राहायचं आणि वाढत्या आकड्यांच्या रेषेचा चढ काढायचा, ही आणखी एक पद्धत, अप द रँप. वेबमध्ये तीच वापरतात. फायदा असा की मधेच कॉस्मिक किरण येऊन आपटला तर रेषेत एकदम पायरी दिसते, तेवढी पायरी काढून टाकायची, अख्खी फ्रेम फेकायची गरज नाही.

हे शक्य होतं कारण या चिपमध्ये वाचल्याने साठा रिकामा होत नाही. सीसीडीमध्ये, म्हणजे दुसऱ्या जातीच्या सिलिकॉन सेन्सरमध्ये, चार्ज वाहून नेऊन शेवटी एकदा मोजतात, तिथे साध्या सीसीडीत अशी चैन नाही.

उडती तबकडी

भारी! पण मग वाचतच राहायचं ना, हजार वेळा वाचा, नॉईज शून्य.

बंगळुरूचा बाळ्या

वाटतं तसं. दर वाचनाला वेळ लागतो, तेवढ्यात डार्क करंट आणि आकाश भर घालतात. शिवाय रीडआउट चिपमधले ट्रान्झिस्टर चालू असताना स्वतः अगदी मंद चमकतात आणि तो उजेड कोपऱ्यातल्या पिक्सेलवर जातो. शिवाय १/एफ नॉईज, म्हणजे सर्किटचा हळूहळू होणारा सरकाव, तो सरासरीने पूर्ण मरत नाही. म्हणून कुठेतरी थांबावं लागतं.

निवांत काकू

माझा मुलगा अमेरिकेत असल्या लॅबमध्ये आहे, तो सांगत होता की चिप एकदा थंड करून परत गरम केली की जीव मुठीत धरून बसतात. खरं का?

थंडोबा

काकू, शंभर टक्के खरं. वरचा एमसीटीचा थर आणि खालचं सिलिकॉन गार होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि मधे लाखो इंडियमचे ठिपके. म्हणून तापमान मिनिटाला एखाद्या केल्विनपेक्षा जलद उतरवत नाहीत, वर आणताना तर त्याहून जपून. वीज गेली, कूलर बंद पडला, की पहिला विचार तोच.

आणि इंडियमचा आणखी एक प्रताप वेबच्या बाबतीत झालाय. २०१० च्या शेवटी लक्षात आलं की तयार करून ठेवलेल्या ५ मायक्रॉनच्या चिपा शेल्फवरच हळूहळू बिघडतायत, पिक्सेल 'हॉट' होत चाललेत, म्हणजे उजेड नसतानाही सिग्नल देतायत. ठिपक्याखाली इंडियमला अडवायला जो पातळ थर होता तो पुरेसा घट्ट नव्हता, इंडियम खाली झिरपत होतं. डिझाईन बदलून नव्या चिपा बनवल्या आणि उपकरणांत बदलून बसवल्या. यान उडालं ते २५ डिसेंबर २०२१ ला. जमिनीवर कळलं म्हणून निभावलं.

हबल अवकाश दुर्बिणीवरच्या निकमॉस या इन्फ्रारेड कॅमेऱ्याची गोष्ट तर याहून वैतागाची. त्यात थंडपणासाठी घन नायट्रोजनचा साठा दिला होता, १९९७ साली बसवल्यावर आतले थंड आणि गरम भाग एकमेकांना टेकले, उष्णता झिरपू लागली, आणि नायट्रोजन जानेवारी १९९९ मध्येच संपला. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी यांत्रिक क्रायोकूलर नेऊन जोडला तेव्हा तो परत चालू झाला. आमच्या धंद्यात सगळ्यांना ही गोष्ट पाठ असते.

शंकासूर

ठीके, पटलं. पण या चिपा आपण का बनवत नाही? दर वेळी अमेरिकेकडून विकत घ्यायच्या, त्यात त्यांची एक्स्पोर्टची परवानगी, महिनोन्महिने थांबायचं. दिल्लीला संरक्षण खात्याची एसएसपीएल ही प्रयोगशाळा आहे, ते एमसीटीवर काम करतात असं वाचलंय. मग?

थंडोबा

करतात. पण सैन्याचा थर्मल कॅमेरा आणि आपला यांच्या गरजा उलट्या आहेत. रणगाड्यावरच्या कॅमेऱ्यासमोर ३०० केल्विनचं अख्खं जग चमकत असतं, फोटॉनचा पूर असतो, तिथे सेकंदाला हजार इलेक्ट्रॉन डार्क करंट असला तरी कुणी विचारत नाही. आम्हाला शंभर सेकंदांत एक इलेक्ट्रॉनसुद्धा जास्त वाटतो. तंत्र एकाच घराण्यातलं, पण शुद्धता, रीडआउट चिप, पॅकेजिंग हे सगळं परत करावं लागतं, आणि जगभरातल्या वेधशाळांची मिळून मागणी काही डझन चिपांची. धंदा म्हणून हे परवडत नाही, सरकारने ठरवून पैसे ओतले तरच. माझ्या मते आधी रीडआउटचं इलेक्ट्रॉनिक्स आणि क्रायोस्टॅट पूर्णपणे इथे करावं, ते आजही शक्य आहे, आणि टीआयएफआरच्या लोकांनी गेल्या काही दशकांत दूर-अवरक्तच्या बलून दुर्बिणीपासून त्यातलं पुष्कळ केलंय.

मध्यरात्र

एपीडीवर, म्हणजे पिक्सेलच्या आतच इलेक्ट्रॉन वाढवणाऱ्या अव्हलांच फोटोडायोडवर, कुणीच काही बोललं नाही अजून. मी युरोपात आहे, या विषयाशी संबंध आहे, म्हणून लिहिते.

वर बाळ्यांनी सांगितलं त्यात सगळी मेहनत मोजणाऱ्या सर्किटची चूक कमी करण्याची आहे. दुसरा मार्ग असा की मोजण्याआधीच, पिक्सेलच्या आत, एका इलेक्ट्रॉनचे पन्नास करायचे. मग सर्किटची चूक दहावीस इलेक्ट्रॉनची का असेना, पन्नासाने भागली की एका इलेक्ट्रॉनच्या खाली. सिलिकॉनमध्येही हे करतात पण तिथे वाढ होताना इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) दोघेही गडबड करतात, किती वाढ झाली हे दर वेळी वेगळं येतं, त्यामुळे नवाच नॉईज घुसतो. एमसीटीमध्ये जवळजवळ फक्त इलेक्ट्रॉनच वाढतात, त्यामुळे तो जादा नॉईज नगण्य राहतो. निसर्गाची मेहेरबानी म्हणायची.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या सेलेक्स कंपनीने, जी आता लिओनार्डो झाली, साफीरा नावाची अशी चिप केली, ३२० बाय २५६ पिक्सेल, २४ मायक्रॉनचा एकेक. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीतल्या गेर्ट फिंगर यांच्या गटाने ती त्यांच्यासोबत घडवली. चिलीतल्या पारानालला आठ मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश ग्रॅव्हिटी या उपकरणात एकत्र करतात, तिथे वातावरणामुळे प्रकाशाच्या लाटा सतत मागेपुढे सरकतात, त्या सेकंदाला हजारेक वेळा बघून दुरुस्त कराव्या लागतात. एका मिलिसेकंदात तुमच्याकडे येऊन येऊन किती फोटॉन येणार? मोजकेच. साध्या चिपने ते वाचताच येत नाही. ग्रॅव्हिटीत पाच साफीरा आहेत, चार दुर्बिणींच्या अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सला (हवेमुळे थरथरणारी प्रतिमा आरसा भराभर वाकवून सरळ करायची सोय) चार आणि फ्रिंज ट्रॅकरला (वर सांगितलेला लाटांचा सरकाव पकडणारा भाग) एक. २०१८ च्या मे महिन्यात एस२ तारा आकाशगंगेच्या मधल्या कृष्णविवराजवळून गेला तेव्हा त्याची जागा इतक्या बारकाईने मोजता आली त्यात या चिपांचा मोठा वाटा. फ्रान्सच्या फर्स्ट लाइट इमेजिंगने त्याच चिपेवर सी-रेड वन नावाचा तयार कॅमेरा काढलाय, सेकंदाला ३५०० फ्रेम, रीड नॉईज एका इलेक्ट्रॉनच्या आत.

उडती तबकडी

मग टिरकॅमच्या जागी हाच घ्या की!! कशाला ३० इलेक्ट्रॉन बाळगायचे.

थंडोबा

धाग्याचा वरचा भाग परत वाचा राव. के बँडच्या साध्या फोटोत आकाशाचा नॉईजच जास्त. एपीडी तारा पन्नासपट करेल तसं आकाशही पन्नासपट करेल, शिवाय पिक्सेल तितक्याच लवकर भरेल. वर ३२० बाय २५६ म्हणजे चौकट आणखी लहान. नुकसानच.

पण एका ठिकाणी मला मोह होतो, चंद्राच्या पिधानांत. चंद्राची कड ताऱ्यावरून सरकते तेव्हा तारा एकदम विझत नाही, प्रकाशाच्या विवर्तनामुळे मिलिसेकंदांत चढउतार होतात आणि त्या नक्षीवरून ताऱ्याचा कोनीय व्यास निघतो, मिलिआर्कसेकंदात. माउंट अबूला पीआरएलच्या लोकांनी हे वर्षानुवर्षं केलंय, टिरकॅम-२ नेही देवस्थळहून चिपचा छोटा तुकडा भराभर वाचून केलंय. तिथे एक्स्पोजर इतकं छोटं की मंद ताऱ्याच्या बाबतीत रीड नॉईजच राजा. तिथे साफीरा घातली तर आज हाती न येणारे तारे येतील. दुर्बीण तीच, चंद्र तोच.

मध्यरात्र

+१. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. देवस्थळला कधी केलं तर डोळा हाच लागेल. बाकी मोठ्या, १०२४ बाय १०२४ च्या एपीडी चिपेवर हवाई विद्यापीठाचे लोक लिओनार्डोसोबत काम करतायत, त्यांना वेगापेक्षा लांब एक्स्पोजर आणि अत्यंत कमी डार्क करंट हवाय. तिथली अडचण वेगळीच, गेन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनचे किती होतात ते, वाढवायला व्होल्टेज वाढवलं की एका टप्प्यानंतर टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार निसटणारे इलेक्ट्रॉन वाढतात आणि ते थंड करून कमी होत नाहीत.

जुन्नरकर

हे सगळं झालं मोठ्यांचं. आमच्यासारख्यांनी काय करायचं? माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आणि एक साधा प्लॅनेटरी कॅमेरा आहे.

थंडोबा

जुन्नरकर, १ मायक्रॉन तुमच्या हद्दीत आहे की. शुक्राचा पृष्ठभाग ७३५ केल्विनच्या आसपास तापलेला, आणि त्याची ती उष्णता १ मायक्रॉनच्या खिडकीतून ढगांबाहेर येते. शुक्राची कोर एकदम बारीक असते त्या दिवसांत, १००० नॅनोमीटरच्या पुढचं तेवढं सोडणारा लाँगपास फिल्टर लावून, रात्रीच्या बाजूवर भरपूर एक्स्पोजर दिलं तर हौशी लोकांना ती काळी बाजू मंद उजळलेली मिळते. सिलिकॉनची संवेदनशीलता तिथे चार-पाच टक्क्यांवर आलेली असते, त्यामुळे रंगीत नाही तर मोनो कॅमेरा घ्या, इन्फ्रारेडला बरा असलेला, आणि कोरीचा उजेड चौकटीबाहेर ठेवायचा प्रयत्न करा नाहीतर सगळं पांढरं होईल. तुमच्याकडे तर वर सांगितलेला प्रश्न उलटा आहे, डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेले फोटो, वजा करायला) त्याच तापमानाला घेतल्या नाहीत तर हॉट पिक्सेलच शुक्र म्हणून दिसतील.

जुन्नरकर

फिल्टर मागवतो. माझा कॅमेरा रंगीत आहे पण, चालेल का तात्पुरता?

बंगळुरूचा बाळ्या

१ मायक्रॉनला रंगाचे तिन्ही फिल्टर जवळपास सारखेच पारदर्शक होतात, त्यामुळे अगदीच वाया नाही जाणार. आत आयआर-कट काच असेल तर मात्र काढावी लागेल. डीबेयर, म्हणजे पिक्सेलांतून रंग काढायची प्रक्रिया, करू नका, रॉच ठेवा.

थंडोबा

हो, आणि इथे टाकाल तेव्हा रॉ फाइल टाका, जेपीजी नको. डार्क पण सोबत द्या.